बुंदीचं नाक आणि शेजाऱ्यांचे कान

प्रश्न: नमस्कार. आम्ही नागपूरला मनीषनगरात तिसऱ्या माळ्यावर राहतो. मुलानं हौसेनं बीगल जातीचं पिल्लू आणलं, नाव बुंदी. आता ती सव्वा वर्षाची आहे. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि बुंदी माझ्या गळ्यात पडली. मी शाळेत शिकवते, दुपारी दोनला घरी येते. हे बुटीबोरीला कंपनीत जातात. घरी सासूबाई असतात, पण गुडघ्यांमुळे त्यांची उठबस होत नाही, म्हणून सकाळी निघताना मी बुंदीला गॅलरीत ठेवून दार लावून घेते. समोर पोह्यांचा ठेला आहे, तेवढाच तिचा वेळ जातो. पण ती मान वर करून असा गळा काढते की शेजारी भांडायला येऊन राहिले. सोसायटीनं नोटीस दिली आहे: कुत्रं काढा, तोवर लिफ्ट वापरू नका. फिरायला नेलं की नाक जमिनीला लावून मला फरफटत नेते. मागच्या महिन्यात अंबाझरीला गळपट्ट्यातून मान काढून पळाली, पाऊण तासानं सापडली. हाका मारल्या तर वळूनही पाहत नाही. घरात पोळ्यांचा डबा उघडते, ओट्यावर चढते. वजन 17 किलो झालं. कानांना वास येतो. हे तिला पेपरच्या गुंडाळीनं मारतात, तेवढ्यापुरती दबते. आता उन्हाळा तोंडावर आहे. माझ्या दिरांची काटोलला संत्र्याची बाग आहे, ते म्हणतात तिथं सोडा, मोकळी राहील. मुलगा व्हिडिओ कॉलवर म्हणतो, "आई, तिला देऊ नको." मी काय करू?
– एक थकलेली वाचक

उत्तर:

ताई, नमस्कार.

काटोलचा निर्णय आत्ताच घेऊ नका. तुमच्या दिरांच्या मनात काही वाईट नाही. शहरात झेपेना झालेलं जनावर शेतावर पाठवायची आपल्याकडे रीतच आहे. त्यावर पुढे येतेच. आधी तुमच्या पत्रातली एक ओळ घेऊ, कारण सोसायटीच्या नोटिशीचं मूळ मला तिथंच दिसतंय. "समोर पोह्यांचा ठेला आहे, तेवढाच तिचा वेळ जातो."

तिचा वेळ जात नाही ताई, तिचा जीव जातो. सकाळपासून खाली कढई तापलेली असते, फोडणी बसत असते, तर्री उकळत असते. आपल्याला एक खमंग वास येतो आणि आपण पुढे जातो. बुंदीला त्यात कांदा वेगळा कळतो, चणे वेगळे कळतात, कोणी अर्धी प्लेट टाकून दिली ते कळतं आणि ती चाटायला कोणतं कुत्रं आलं तेही कळतं. आणि ती तीन माळे वर, जाळीच्या आत, काहीच करू शकत नाही. उपाशी माणसाला रोज सकाळी हलवायाच्या दुकानासमोर बांधून ठेवावं, तशी ही गत आहे. मग ती मान वर करून ओरडते, आणि तिच्या जातीचं ओरडणं साधं भुंकणं नसतं.

बीगल ही इंग्लंडात सशांच्या शिकारीसाठी तयार केलेली जात. शिकारी घोड्यावर नसत, पायी असत. कुत्र्यांचा कळप सशाच्या वासामागे पुढे निघून जायचा आणि माणसं मागून धापा टाकत यायची. दिसत नाही इतक्या लांब गेलेली कुत्री कुठे आहेत हे कळायचं ते आवाजावरून. म्हणून माणसांनी पिढ्यान् पिढ्या असाच कुत्रा निवडला ज्याचा गळा शेताच्या पलीकडच्या टोकापर्यंत ऐकू जाईल, जो माणसाच्या हुकमाची वाट न पाहता वास धरून चालत राहील आणि जो कळपात गुण्यागोविंदानं राहील. तुमच्या तक्रारी बघा आता. आवाज करते, हाकेला येत नाही, नाक जमिनीला लावून ओढते, एकटी ठेवली की कासावीस होते. शिकाऱ्यानं या कुत्रीला शाबासकी दिली असती. मनीषनगरच्या सेक्रेटरींनी नोटीस दिली.

त्यामुळे तिला गप्प कसं करावं, दमवावं कसं, या प्रश्नांनी फार हाती लागणार नाही. पाय दमवायला गेलात तर तुम्ही आधी दमाल. तिच्या नाकाला काम द्या. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी 50-60 लाखांच्या घरात असतात. बीगलच्या नाकात त्या 20 कोटींच्या वर धरतात. हुंगताना कुत्रा सेकंदाला चार-पाच वेळा बारीक श्वास घेतो आणि सोडलेली हवा नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून बाहेर टाकतो, म्हणजे समोरचा वास विस्कटत नाही. एवढं यंत्र रिकामं बसलं की ते स्वतःच काम शोधतं, आणि तुमच्या घरात सापडलेलं काम म्हणजे पोळ्यांचा डबा.

अमेरिकेत 1984 पासून विमानतळांवर बीगल कामाला आहेत. सामानात लपवून आणलेली फळं आणि मांस ते वासावरून काढून देतात. या कुत्र्यांना सुरुवातीला जे वास शिकवतात त्यात संत्र्या-लिंबाचा वास असतो. म्हणजे नागपूरकराच्या बॅगेतली संत्री तिथं पहिल्या फटक्यात पकडली जाणार! लांब नाक, मध्यम अंग, माणसांना न घाबरवणारा चेहरा आणि खाण्यासाठी काहीही करायची तयारी, या गुणांवर त्यांची निवड झाली. ज्या हावरटपणानं तुम्ही वैतागला आहात, त्याच्याच जोरावर तिला शिकवता येतं.

तेव्हा पहिली गोष्ट उद्यापासून: गॅलरी बंद. उन्हाळ्यात तर तिथं कुत्रं ठेवणं धोक्याचंच आहे, पण आजही नको. तिला हॉलमध्ये ठेवा, सासूबाईंच्या खुर्चीजवळ. स्वयंपाकघराचं दार लावा, किंवा लहान मुलांसाठी दारात लावतात ते फाटक बसवा. गॅलरीचं दार आणि त्या बाजूची खिडकी बंद, पडदा ओढलेला, पंखा चालू. सासूबाईंना उठावं लागेल, असं कुठलंच काम ठेवू नका. पाण्याचं भांडं जड असू द्या, म्हणजे सांडणार नाही.

निघण्याआधीचा दीड तास मात्र तुम्हाला बदलावा लागेल. आधी फेरी, आणि ती हुंगण्याची. मग घरी आल्यावर तिचं सकाळचं जेवण वाटीत ओतायचं नाही, लपवायचं. सुरुवात सोपी करा. जुना टॉवेल पसरून त्यावर दाणे टाकायचे आणि गुंडाळी करायची. ती नाकानं उलगडते. इडलीपात्राच्या खळग्यांत दाणे घालून वर लिंबाएवढे कागदाचे बोळे ठेवायचे. हे जमलं की तिला दुसऱ्या खोलीत ठेवून हॉलमध्ये सात-आठ जागी दोन-दोन दाणे लपवा, दार उघडा आणि एकच शब्द म्हणा, "शोध!" पहिल्या दिवशी ती तुमच्या तोंडाकडे बघेल. आठवडाभरात तो शब्द ऐकून तिची शेपटी सरळ उभी राहील, टोकाचा पांढरा झुपका हलत राहील आणि घरात फक्त हुंगण्याचा फस-फस आवाज येईल. अशी वीस मिनिटं झाली की बहुतेक बीगल स्वतःहून आडवे होतात.

पुढची पायरी हवी असेल तर संत्र्याची साल कडक वाळवा, भोकं पाडलेल्या टिनच्या डबीत घट्ट बंद करा. डबी सापडली की लगेच खाऊ. साल खायला द्यायची नाही, ती फक्त वासासाठी. मग डबी सोफ्याखाली, चपलांच्या स्टँडमागे, पुस्तकांच्या फळीवर ठेवा. डबी तुम्ही लपवलीत की "शोध" म्हणणं आणि खाऊ देणं सासूबाई बसल्या जागेवरून करू शकतात. डबी त्यांच्या पदराखाली लपवली तर खेळ अजून रंगतो.

एक खात्री मात्र करून घ्या. तुम्ही गेल्यावर जुना मोबाईल रेकॉर्डिंगला लावून ठेवा. ती अर्ध्या तासानं, काही आवाज आल्यावर ओरडत असेल तर तो कंटाळा किंवा राखण आहे, आणि वरच्या उपायांनी तो बराच उतरेल. पण दार लागल्या लागल्या धाप, लाळ, दारावर ओरखडे, घरातच लघवी असं दिसलं तर ती घाबरते आहे. तिथं खेळ पुरत नाही. किल्ली उचलायची आणि परत ठेवायची, दाराबाहेर दहा सेकंद, मग अर्धा मिनिट, मग दोन मिनिटं, असं तिला न घाबरवता हळूहळू वाढवावं लागतं, आणि पशुवैद्यांशीही बोलावं लागतं. सासूबाई घरात असतात, त्यामुळे माझा अंदाज पहिल्या प्रकाराचा आहे. तरी रेकॉर्डिंग कराच.

आता फिरणं. गळपट्टा फक्त नावाच्या बिल्ल्यासाठी ठेवा. बीगलची मान जाड आणि डोकं त्या मानानं फार मोठं नाही, मागे सरकून ती सहज निसटते. अंबाझरीला तेच झालं. छातीवर कडी असलेला, अंगाला नीट बसणारा हार्नेस घ्या. आतून दोन बोटं जातील एवढाच सैल. बटण दाबून लांब होणारे पट्टे घेऊ नका, ते ओढायलाच शिकवतात.

ओढण्याचं म्हणाल तर तुम्ही दोघी दोन वेगळ्या कामांना निघता. तुम्हाला चालायचंय, तिला वाचायचंय. फेरीचे दोन भाग करा. गेटपासून मोकळ्या जागेपर्यंत चालायचं: पट्टा ताणला की तुम्ही थांबा, सैल सोडला की चला. पहिले काही दिवस शंभर पावलांना दहा मिनिटं लागतील, लोक बघतील, बघू द्या. मोकळ्या जागेत पोचलात की हार्नेसला 25-30 फुटांची दोरी लावा आणि मग तिची मर्जी. ती एका खांबाशी पाच मिनिटं थांबली तर तुम्हीही थांबा. तुमच्या भागात त्यासाठी अंबाझरीच्या गर्दीत जायची गरजच नाही. बेसा-बेलतरोडीकडे अजून कितीतरी रिकामे लेआउट पडून आहेत. सकाळी तिथं गवत, मुंगसाचा माग, टिटव्या, सगळं असतं. फुटलेल्या बाटल्यांकडे आणि पावसाळ्यात सापांकडे लक्ष ठेवा. दुसऱ्याच्या शेतात किंवा रस्त्याकडेला दोरी मोकळी सोडू नका. दिवसाला दोन्ही वेळा मिळून तास-सव्वा तास हवाच, आणि हे काम एकटीनं करायचं नाही. संध्याकाळची फेरी यांची. जो माणूस तिला पेपरनं मारतो, त्यानं तिच्यासोबत रोज अर्धा तास घालवलाच पाहिजे, असं माझं मत आहे.

मारण्याबद्दल एवढंच: पोळी खाऊन झाल्यावर मार बसला तर तिला पोळीचा आणि माराचा संबंध लागत नाही. तिला एवढंच कळतं की हे घरी आले की कधीकधी लागतं. मग ती पोळी चोरणं सोडत नाही, तुमच्या पाठीमागे चोरते.

हाकेला येण्याबाबत मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. ताज्या वासावर असलेला बीगल हाकेला फिरेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही, आणि म्हणून रस्त्याजवळ तिला कधीही मोकळं सोडायचं नाही. तरी शिकवायचंच. तिचं नाव आता रागावण्याला चिकटलंय, म्हणून नवी खूण घ्या. शिट्टी उत्तम. घरात शिट्टी वाजवली की उकडलेल्या चिकनचा तुकडा, शाकाहारी असाल तर पनीर, आणि हा खाऊ इतर कशासाठीच नाही. मग जिन्यात, मग लेआउटमध्ये दोरीवर. शिट्टी वाजवून तिला कधीही आंघोळीला किंवा बंद करायला आणू नका. पुन्हा निसटलीच तर मागे धावू नका, ते तिला सोबत शिकार केल्यासारखं वाटतं. खाली बसा, खाऊची पिशवी वाजवा, उलट्या दिशेला चाला. दिसेनाशी झाली तर जिथून सुटली तिथं तुमची ओढणी ठेवा आणि घरातल्या एकानं तिथंच थांबा. वासावर गेलेली कुत्री अनेकदा स्वतःच्या मागावरून तिथंच परत येतात. गाडीच्या नंबरप्लेटा करणाऱ्याकडून पितळी बिल्ल्यावर फोन नंबर कोरून घ्या, आणि डॉक्टरांकडून कातडीखाली ओळखीची मायक्रोचिपही बसवून घ्या.

खाण्याकडे येऊ. 17 किलो खूप झालं. तिच्या अंगकाठीप्रमाणे 10 ते 13 किलोंच्या आसपास असायला हवं. हात फिरवल्यावर बरगड्या सहज लागल्या पाहिजेत आणि वरून बघितलं तर कंबर दिसली पाहिजे. बीगलला पोट भरल्याची जाणीव नसावी, असंच बघणाऱ्याला वाटतं. तिच्या डोळ्यांवर अजिबात विश्वास ठेवू नका. दिवसभराचं खाणं सकाळी तोलून एका डब्यात काढा. लपवायचं, शिकवायचं, सासूबाईंना प्रेमानं द्यायचं, सगळं त्याच डब्यातून. सासूबाईंची तूप-पोळी बंद करा म्हणून त्यांच्याशी वाद घालू नका, डबाच त्यांच्या हातात द्या. जास्तीचा खाऊ दिवसाच्या एक दशांशावर जाऊ नये. महिनाभर मोजून देऊनही वजन हललं नाही तर थायरॉईडची तपासणी सांगा, या जातीत तो त्रास आढळतो. आणि 17 किलोंवरून घाईनं उतरवायचं नाही. आहार किती कमी करायचा ते डॉक्टर ठरवतील.

चोरीपुरतं बोलायचं तर घर बदला, कुत्रं नंतर बदलेल. ओट्याजवळची खुर्ची हलवा. कचऱ्याचा डबा कपाटात. ओट्यावर एकदा जरी पोळी मिळाली तरी ती पुढचे महिने तिथं चढून बघणार. आणि काही गोष्टी तर तिच्या जिवावर बेततात: कांदा-लसूण, द्राक्षं आणि मनुका, म्हणजे मनुका घातलेले लाडू आणि प्रसादाचा शिरासुद्धा, चॉकलेट, बिनसाखरेचं च्युइंगम. आपल्याकडच्या घरात याशिवाय तीन धोके असतात ज्यांचा कोणी विचार करत नाही. मे महिन्यात आंब्याची कोय, पावसाळ्यात भुट्ट्याचं बुरकुंडं आणि सावजी मटणाच्या रविवारी शिजलेली हाडं. पहिली दोन आतड्यात अडकतात, ऑपरेशन करावं लागतं. शिजलेल्या हाडाच्या फाकी होऊन आतून टोचतात. सावजी रस्सा तर नकोच. तेवढ्या तेलानं कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि त्यात कांदा-लसूण आहेच.

कानांना वास येतोय म्हणजे डॉक्टरांना दाखवायला या आठवड्यात जा. लोंबत्या कानांखाली हवा खेळत नाही, ओल राहते, तिथं यीस्ट आणि जंतू वाढतात. तपकिरी मळ, डोकं झटकणं, कान खाजवताना कण्हणं, यातलं काहीही असेल तर औषध लागेल, आणि कोणतं लागेल हे कानातला मळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच कळतं. खोबरेल तेल घालू नका, कापसाची काडीही नको. बरं झाल्यावर आठवड्याला एकदा डॉक्टरांनी दिलेल्या द्रावणानं पुसायचं आणि आंघोळीनंतर कान कोरडे करायचे. खर्चाची काळजी असेल तर सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात कुत्र्यांची तपासणी होते. त्याच फेरीत वजन, रेबीजची वार्षिक लस आणि गोचिडांवरचं औषध उरकून घ्या. गवतात हुंगणाऱ्या कुत्रीला गोचीड लागणारच. रोज फेरीनंतर कानामागे आणि पायांच्या बोटांमध्ये चाचपा. खाणं सुटलं, ताप आला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, नाकातून रक्त आलं तर गोचिडतापाची शंका सांगून लगेच दाखवायचं. नसबंदी झाली नसेल तर तेही विचारा. त्यानंतर भूक वाढते, तेव्हा डब्यातले दाणे पुन्हा तोलावे लागतील.

उन्हाळा. नागपूरचा उन्हाळा मी तुम्हाला सांगायची गरज नाही, पण बुंदीला तो कळत नाही. वासावर असलेली बीगल तापली तरी थांबत नाही, आणि जाड कुत्रीला तर उष्माघात लवकर होतो. पारा 40 च्या वर गेला की सकाळची फेरी सहाच्या आत संपवा. संध्याकाळी सूर्य बुडाला म्हणून निघू नका, डांबर रात्री उशिरापर्यंत तापलेलं असतं. हाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सोसलं नाही तर तिच्या पंजांनाही सोसणार नाही. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ भाजणाऱ्या दिवसांत, सकाळची छोटी फेरी, संध्याकाळी फक्त शी-शूपुरतं खाली, बाकी सगळे खेळ घरात.

कूलर चालेल, पण खिडकी थोडी उघडी ठेवून. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, ते धाप टाकून ओल उडवतं आणि गार होतं. बंद खोलीत कूलर लावला की हवा दमट होते आणि तिची धाप कामाची राहत नाही. हाच त्रास जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर उकडतं तेव्हा होतो, त्या दिवसांत जास्त जपा. कूलरच्या टाकीतलं साचलेलं पाणी तिला पिऊ देऊ नका. टरबुजाचे बिया काढलेले चार तुकडे दिले तर हरकत नाही. अंगावरचे केस भादरू नका. आणि गाडीत "दोनच मिनिटं" म्हणून कधीही ठेवू नका.

धाप थांबत नाही, लाळ चिकट झाली, हिरड्या गडद लाल, चालताना झोकांड्या किंवा उलटी, असं दिसलं तर साधं पाणी अंगावर, पोटाखाली, पायांवर ओता, पंखा लावा आणि तसंच दवाखान्यात न्या. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, आतली उष्णता अडते.

सोसायटीचं आता. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं 2015 साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलंय की सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, बहुमतानं ठराव केला तरी नाही, आणि लिफ्ट वापरायलाही अडवता येत नाही. हे कागद जवळ ठेवा, पण पहिल्या भेटीत टेबलावर टाकू नका. खालच्या माळ्यावरच्या माणसानं खरोखर कित्येक सकाळी तिचं रडगाणं ऐकलंय. सेक्रेटरींकडे जा, गॅलरी बंद केल्याचं सांगा, दीड महिना मागा, आणि तक्रार आली तर नोटीस नको, फोन करा म्हणून स्वतःचा नंबर द्या. लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरा, कुणी घाबरत असेल तर पुढच्या खेपेला जा. विष्ठा उचलायची पिशवी खिशात हवी आणि लोकांना ती वापरताना दिसलीही पाहिजे. महापालिकेत तिची नोंदणी करून पावती ठेवा. एवढं करूनही कोणी हटूनच बसलं, तर मग ते कागद काढा.

आणि काटोल. बागेत मोकळी राहील, हे ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात काय होतं सांगते. पहिल्याच पहाटे तिला सशाचा नाहीतर रानडुकराचा वास लागेल, आणि ती नाक खाली घालून कुंपणाखालून जाईल. दोन गावं पलीकडे किंवा हायवेवर डोकं वर काढेल तेव्हा परतीची वाट तिच्या मनात नसेल. एक-दोनदा असं झालं की तिथली माणसं तिला साखळीला बांधतील, त्यांचाही इलाज नसेल. मग फवारणीच्या दिवसांत औषधाचे रिकामे डबे हुंगणारी ही हावरट कुत्री दिवसभर साखळीला असेल, आजूबाजूला माणूस नसेल. कळपातलं जनावर आहे ते. तिचा कळप आता सासूबाई, तुम्ही आणि हे. हिवाळ्यात सुट्टीला तिला जरूर काटोलला न्या, बागेत लांब दोरीवर दोन तास हुंगू द्या. सोडून मात्र येऊ नका.

तीन-चार महिने हे सगळं मनापासून करूनही तुम्हाला पेललं नाही, तर देणं हा गुन्हा नाही. तेव्हा शेत नको, घर शोधा: दिवसा कोणी घरात असणारं, जमल्यास आधीच एक कुत्रं असणारं, आणि बीगल म्हणजे काय हे माहीत असणारं. बीगल 12 ते 15 वर्षं जगतात आणि ती आता तिच्या सगळ्यांत द्वाड वयात आहे. दोन-तीन वर्षांची झाली की बरीच निवते. आवाज आणि नाक तेवढंच राहतं.

राहिला मुलगा. "आई, तिला देऊ नको" एवढं पुण्याहून म्हणणं सोपं आहे. त्याला सांगा, हार्नेस, लांब दोरी, मायक्रोचिप, कानाचं औषध आणि महिन्याचं खाणं त्याच्या पगारातून येईल. व्हिडिओ कॉलवर तिला नावानं हाका मारणंही बंद करायला सांगा. ती त्याचा आवाज ऐकून घरभर त्याला हुंगत फिरते आणि तो सापडत नाही. आणि दिवाळीला घरी आला की पहाटे पाचची फेरी त्याची. त्या दिवसांत तुम्ही झोपा.